टबातलं भिजत घोंगडं

बाथरूम नव्याने करायची ठरली की फरशीचा रंग तासाभरात ठरतो, कमोड भिंतीवर टांगायचा की जमिनीवर बसवायचा यावर फार तर एक संध्याकाळ जाते, आणि नळ कोणत्या कंपनीचे हे तर कंत्राटदार घरूनच ठरवून आलेला असतो. काम अडतं ते टबापाशी. पुण्या-मुंबईतल्या जरा चढ्या भावाच्या इमारतींत नव्वदच्या दशकापासून अनेक बिल्डरांनी मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये एक टब बसवून दिला. कुठे पांढरा, कुठे बदामी, कुठे त्या काळच्या फॅशनचा फिकट गुलाबी. पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली, खालच्या मजल्यावरचे शेजारी आपल्या छताचे पोपडे दाखवायला दोनदा वर येऊन गेले, सगळं उखडायची वेळ आली, आणि आता हातात टेप घेऊन उभा असलेला प्लंबर विचारतो, ‘‘टबाचं काय करायचं, साहेब?’’ साहेब मॅडमकडे बघतात, मॅडम टबाकडे बघतात. आजी देवघरातून ‘‘मला विचाराल तर’’ अशी सुरुवात करतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. शेवटी ‘‘ते आपण नंतर बघू’’ यावर बैठक संपते. एवढी वर्षं ज्यात कोणी धड भिजलं नाही, त्यात निदान हा एक निर्णय तरी भिजत पडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: टब काढावा. पण मत प्रत्येकाकडे असतं. पुरावा पाहिजे, आणि तो शोधायला लांब जावं लागत नाही, तो टबातच पडलेला असतो. ज्या घरात टबाचा प्रश्न निघाला असेल त्या घरातल्या मंडळींनी चर्चा थांबवून फक्त बादली कुठे आहे ते पाहावं. दहापैकी नऊ घरांत ती टबात असते. एकात एक बसवलेल्या दोन बादल्या, कडेला कान अडकवलेला मग, उभी करून ठेवलेली पोछ्याची काठी, गेल्या वेळच्या फरशांतल्या उरलेल्या सहा फरशा (रंग मिळत नाही म्हणून लागतील या हिशेबाने ठेवलेल्या), घडी घातलेला आकाशकंदील, आणि या सगळ्याच्या मधोमध एक प्लास्टिकचं स्टूल. हे स्टूल फार महत्त्वाचं. त्याचा अर्थ असा की या घरातली माणसं टबात उतरतात, स्टुलावर बसतात, टबात ठेवलेल्या बादलीतून मगाने पाणी घेतात आणि डोक्यावर ओततात. म्हणजे ज्या पात्रात माणसाने पाण्यात असावं, त्यात माणूस कोरडाच बसून दुसऱ्या पात्रातलं पाणी अंगावर घेतो. टबाविरुद्ध याहून मोठी साक्ष कुठली असणार? ती बिचारी रोज सकाळी दिली जाते, कोणी नोंदवून घेत नाही एवढंच. ज्या घरात बादली टबाबाहेर आहे आणि टबाचं बूच झिजलेलं आहे, त्या घरासाठी हा लेख नाही. त्यांनी टब ठेवावा, आणि मला कळवू नये.

टब वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो चुकीच्या जमिनीवर आला, एवढंच. इंग्लंड-अमेरिकेतल्या बाथरूमची जमीन कोरडी ठेवायची असते. तिथे जमिनीला उतार नसतो, घरगुती बाथरूममध्ये पाणी जायला जमिनीत जाळीही बहुधा नसते. इंग्रजांनी तर बरीच वर्षं बाथरूममध्ये गालिचे घालून घेतले होते. अशा खोलीत बादलीभर पाणी सांडलं तर ते लाकडी जमिनीतून खालच्या छताला लागतं. म्हणून अंघोळीचं सगळं पाणी एका भांड्यात कोंडायचं आणि ते भांडं पाइपाला जोडायचं, हा त्यांचा तोडगा. शॉवर आला तरी तो टबावरच आला आणि त्याला पडदा लागला. न्यू जर्सीला मुलाकडे गेलेल्या आईबाबांना पहिल्याच दिवशी जी सूचना मिळते ती हीच: पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत घ्या. तिथली मराठी घरंही टबात उभं राहून बादली-मगाने अंघोळ करतात आणि ते अगदी रास्त आहे, कारण तिथे टब हीच मोरी आहे. तिथे तो काढायचा म्हणजे त्याच्या जागी दुसरं काहीतरी पाणी अडवणारं बांधायचं. आपल्याकडे मात्र अख्ख्या खोलीला उतार असतो. स्लॅब खाली घेतलेला, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर फरशी, कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, दारात दीड-दोन इंचांचा उंबरठा. पाणी कुठेही ओता, ते आपल्या पायाने कोपऱ्यात जातं. आपली अख्खी बाथरूम म्हणजेच एक टब आहे. बिल्डरने तिच्यात आणखी एक टब ठेवला, आणि मग या दोन टबांच्या मधल्या सांध्यातून पाणी खालच्यांच्या छतात उतरलं.

ही उताराची अक्कल आजची नव्हे. मोहेंजोदडोचं नाव निघालं की लोक महास्नानगृह दाखवतात: सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल, भाजक्या विटांचं, आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेलं. टबाच्या बाजूने बोलणारा इथे टाळी मागतो. पण त्याच शहरातल्या साध्या घरांत काय सापडलं? अंघोळीचे ओटे. भाजक्या विटा घट्ट बसवलेल्या, एका बाजूला उतार दिलेला, आणि पाणी पन्हळीतून गल्लीतल्या गटारात सोडलेलं. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही चक्क मोरी आहे. तिच्यात फक्त नीळ आणि धुण्याचा साबण ठेवायला कोनाडा तेवढा नाही. म्हणजे डुंबण्यासाठी गावाचं मिळून एक, आणि रोजच्यासाठी घरोघर ओटा, अशी वाटणी तेव्हाच झाली होती, आणि ती मोडायला एखादं भक्कम कारण लागतं. टबाकडे जुना, भक्कम इतिहास नाही असं मी म्हणणार नाही. क्रीटमध्ये भाजलेल्या मातीचे टब सापडलेले आहेत. पण अमेरिकेतल्या टबाचा जो इतिहास लोकांच्या तोंडी अनेक वर्षं होता, तो साफ थाप होता. एच. एल. मेंकन नावाच्या पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लेख लिहून कळवलं की अमेरिकेतला पहिला टब १८४२ साली सिनसिनाटीत बसला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये नेला. सगळं मनचं. १९२६ मध्ये त्याने स्वतःच कबुली दिली, तरी लोक तो मजकूर छापतच राहिले. टबाबद्दल काहीही सांगितलं तरी ते खरं वाटतं, हा मात्र त्यातून सिद्ध झालेला गुण. बिल्डरच्या माहितीपत्रकातही तो उपयोगी पडतो.

आता पाण्याचा आणि गिझरचा हिशेब करू, कारण टब ठेवायचा म्हणणाऱ्यांनी तो कधी केलेला नसतो. पाच फुटी टबात माणूस आत बसल्यावर गळ्याशी पाणी यायचं तर साधारण दीडशे लिटर ओतावं लागतं. (आर्किमिडीजच्या नियमाने आपलं अंग पाण्यात जेवढी जागा व्यापतं तेवढं पाणी आपण बाजूला सारतो. सबब जाड माणूस टबात पाण्याची जास्त बचत करतो. जाड माणसाच्या बाजूने निघालेला हा दुर्मीळ निष्कर्ष असल्याने कंसात का होईना सांगितला.) हे दीडशे लिटर चाळीस अंशांवर हवं. हिवाळ्यात टाकीचं पाणी बावीस अंशांवर आणि गिझरचं पासष्टवर धरलं, तर त्यात त्रेसष्ट लिटर पाणी गिझरचं लागतं. घरातला गिझर पंधरा लिटरचा. म्हणजे चार खेपा करून वर थोडं उरतंच. दोन किलोवॉटचा गिझर एका खेपेला वीस-बावीस मिनिटं घेतो. पहिली खेप तयार आहे असं धरलं तरी बाकीच्यांसाठी तासाच्या वर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पहिलं पाणी गार व्हायला लागलेलं असतं. जो माणूस या टबात शेवटी उतरतो तो कोमट पाण्यात बसून गिझरचा लाल दिवा विझायची वाट पाहतो. विजेची तीन युनिटं गेली ती वेगळीच. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरतात. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणीभांडी, संडास, सगळं आलं. एका बैठकीत ते सगळं संपवून हा गृहस्थ उरलेला दिवस काय करणार? उलट वीस लिटरच्या एका बादलीत मराठी माणूस डोक्यापासून नखापर्यंत स्वच्छ होतो, वर तळाशी उरलेल्या दोन तांब्यांत बनियन पिळून काढतो. आणि हवेचं काय? टबात रेंगाळावंसं वाटण्यासाठी बाहेर हाडं गोठवणारी थंडी लागते. मुंबईत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला आपोआप चटका देणारं पाणी येतं. तेव्हा टब भरायचा तर आत बर्फ टाकावा लागेल. नागपूरकरांशी तर या विषयावर उन्हाळ्यात बोलूच नये.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्याकडे डुंबायची परंपराच नाही असं कसं म्हणता? नाशिकचं रामकुंड, त्र्यंबकेश्वरचं कुशावर्त, सिंहस्थात तिथे उतरणारी लाखो माणसं. आणि गरम पाण्यात पडून राहायचं म्हणाल तर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं, दापोलीजवळचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. कातडीच्या तक्रारी घेऊन माणसं पिढ्यान् पिढ्या तिथल्या गंधकाच्या पाण्यात बसत आली आहेत. मान्य. पण या सगळ्या ठिकाणांचं एक वैशिष्ट्य पाहा: पाणी तापवायचं काम पृथ्वीने केलेलं आहे, वाहून न्यायचं काम नदी-ओढ्याकडे आहे, आणि वीजबिल कोणाच्याच नावावर येत नाही. कुशावर्तात माणूस तीन बुड्या मारून बाहेर येतो, तिथे चाळीस मिनिटं पुस्तक वाचत पडत नाही. पाप बहुतेक लवकर विरघळत असावं. घरच्या टबाची अडचण साबणाची आहे. साबण लावला, मळ निघाला, आणि तो कुठे गेला? कुठेच नाही, तो आपल्याबरोबरच आहे. जपानी लोकांनी हे ओळखलं. ते आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग घासून, पाणी ओतून घेतात आणि स्वच्छ झाल्यावर मग टबात बसतात. म्हणून तेच पाणी घरातल्या सगळ्यांना चालतं, मधल्या वेळात त्यावर झाकणही घालतात. ही पद्धत मला पूर्ण पटते. पण तिच्यात टबाच्या आधी मोरी लागतेच, आणि मोरीत अंघोळ झालेला मराठी माणूस पुन्हा टबात कशाला शिरेल? तो पोहे झाले का ते बघायला जाईल.

‘घरात लहान मूल येणार आहे’ हा पुढचा मुद्दा, आणि तो सासरचे किंवा माहेरचे कोणीतरी फार गंभीरपणे मांडतात. त्यांनी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना काम करताना पाहिलेलं नाही. त्या बाई पाटावर बसतात, साडी गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पाय पुढे पसरतात, आणि बाळ नडग्यांवर पालथं. तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग तळव्याने पाठीवर सोडलेली पाण्याची धार; बाळ किंचाळतंय, आजी ‘‘झालं झालं’’ म्हणत टॉवेल पसरून उभी, आणि बाईंच्या तोंडी शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या बाळाची हकिकत, जे म्हणे अजिबात रडत नाही. या सगळ्या कारभाराला मोकळी, सपाट, ओली चालणारी जमीन लागते, पाय पसरता येतील एवढी. टबाच्या आत अडीच फुटांत ते जमत नाही, आणि टबाने बाहेरची जमीन खाल्लेली असते. बाळ मोठं झालं की टबात खेळेल, हेही खरं. दोन उन्हाळे खेळेल. तेवढ्यासाठी बाजारात रबरी टब मिळतो, तो गच्चीत फुगवता येतो आणि नंतर बुडाला भोक पडून स्वतःहून निघून जातो. मुलांच्या उलट टोकाला घरातली वडीलधारी. टबाची कड जमिनीपासून दीड-पावणेदोन फूट उंच. गुडघ्यांची कुरकुर असलेल्या सत्तरीच्या माणसाने ओल्या पायाने ती ओलांडून गुळगुळीत अॅक्रिलिकवर एक पाय टेकवायचा आणि दुसरा मागून आणायचा, ही कसरत ज्याने आखली त्याला सासू-सासरे नसावेत. दिवाळीत तर विचारूच नका. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगभर तेल चोपडलेला माणूस आणि टब यांची गाठ पडू नये. पाट आत बसत नाही, उटण्याची भरड जाळीत अडकते, आणि औक्षण करायचं तर निरांजन घेऊन कठड्यावरून आत वाकावं लागतं. आडव्या माणसाला ओवाळायची आपल्याकडे पद्धत नाही.

मग उरतो तो आरामाचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर टब वाचतो तो याच एका आशेवर. कधीतरी आपल्याला वेळ मिळेल. कधीतरी शनिवारी संध्याकाळी आपण दिवे मंद करून, बाजूला मेणबत्ती लावून, फेसात पडून राहू. हा जो माणूस डोळ्यांसमोर येतो तो घरात राहत नाही. घरात जो राहतो त्याला शनिवारी संध्याकाळी गाडीच्या विम्याचा फोन येतो, आणि बाथरूमच्या दारावर सातव्या मिनिटाला थाप पडते. आपण टब राखतो तो त्या दुसऱ्या, न आलेल्या भाडेकरूसाठी. आर्किमिडीजचा दाखला देऊन टबात कल्पना सुचतात असंही सांगितलं जातं. पण ती गोष्ट आपल्यापर्यंत आणणारा व्हिट्रुव्हियस हा रोमन स्थपती आर्किमिडीजच्या दोनशे वर्षांनंतरचा, आणि त्याच्याही म्हणण्याप्रमाणे तो टब सार्वजनिक स्नानगृहातला होता. मोठा शोध लागला तेव्हा घरच्या बाथरूमचं नूतनीकरण कोणी काढलेलं नव्हतं. पाठदुखीचा मुद्दा मात्र मी मान देऊन ऐकतो. पाण्याच्या धारा मारणारा जो टब ‘जकुझी’ म्हणून ओळखला जातो, तो मुळात चैनीसाठी नव्हता. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेलं जकुझी हे इटालियन कुटुंब शेतीचे पंप बनवत होतं. घरातल्या एका मुलाला सांध्यांचा आजार, त्याच्यासाठी त्यांनी टबात सोडायचा छोटा पंप केला आणि १९५६ च्या सुमारास तो विकायला काढला. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर टब जरूर ठेवावा, औषधाशी कोणी वाद घालत नाही. फक्त जाता जाता एवढंच की शेतीचे पंप बनवणारं घराणं आपल्याकडेही होतं, किर्लोस्करवाडीत. त्यांचं पाणी उसाला गेलं. माणसाने ते अंगाखाली घेऊन बसावं हे इथे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्यात कल्पकता कमी पडली असं मला वाटत नाही.

‘टब असला की फ्लॅटला भाव येतो’ असं म्हणणारे दलाल नव्हे तर बहुधा मेव्हणे असतात. अमेरिकेत घरात निदान एक टब असावा, नाहीतर लहान मुलांचं कुटुंब घर घेताना कुरकुर करतं, असा समज आहे खरा. पण त्याचं कारण वर आलंच, तिथे दुसरी मोरी नाही. आपल्याकडे भाव चौरस फुटाला लागतो, तेव्हा हिशेबही चौरस फुटात करू. पाच बाय अडीचचा टब साडेबारा चौरस फूट जागा घेतो. आठ बाय पाचच्या बाथरूमचा जवळजवळ तिसरा हिस्सा. भाव पंधरा हजार रुपये फूट धरला तर एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे रुपयांची जमीन झाली, आणि तिच्यावर आपण एक मग आणि सहा फरशा ठेवल्या आहेत. ज्या माणसाला या भावात जागा घ्यायची आहे तो टबाकडे बघून खूश होत नाही, तो मनातल्या मनात तिथे वॉशिंग मशीन ठेवून बघतो.

टबाच्या बाजूने सर्वांत तगडा युक्तिवाद अंघोळीचा नाहीच, तो पाणीकपातीचा आहे. जूनमध्ये पावसाने ओढ दिली, मुंबईच्या सात तलावांची पातळी रोज पहिल्या पानावर छापून यायला लागली, किंवा ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद’ अशी पुणे महापालिकेची चौकट आली, की ज्या घरात टब आहे त्या घराच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज येतं. दोनशे लिटरचा हौद, घरात, नळाखाली! चाळीतल्या पिंपावर वाढलेल्या आजोबांना टबाचा पहिल्यांदा अर्थ लागतो. मीही इथे डळमळलो असतो, पण टबाचं बूच पाहा. ते अर्ध्या तासाच्या अंघोळीपुरतं पाणी धरायला केलेलं असतं. रात्री अकराला काठोकाठ भरलेल्या टबात सकाळी सहाला चार बोटं पाणी असतं, आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्यावर संशय घेतो. ज्यांनी बुचाखाली प्लास्टिकची पिशवी दडपून हा प्रश्न सोडवला आहे, त्यांच्यापुढे डास उभा राहतो. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. पिंपाला झाकण असतं, टबाला नसतं. पालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली बघतात. त्यांना मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये नेऊन हे तळं दाखवायला फार धीर लागतो. याच्या जवळचाच एक मुद्दा गणपतीचा. घरच्या घरी विसर्जन करायचं तर टब किती सोयीचा, असं म्हणतात. शाडूची दहा इंची मूर्ती बादलीत आरामात विरघळते आणि ते पाणी कुंड्यांना घालता येतं. टबात विसर्जन केलं की माती जाळीत बसते, आणि पुढच्या वर्षी लवकर यायला सांगावं लागतं ते प्लंबरला.

काढायचं नक्की झालं की काही गोष्टी माहीत असाव्यात. टब बहुतेक वेळा बाथरूमची भिंत आणि दार पूर्ण व्हायच्या आधीच आत गेलेला असतो. अडीच फुटी दारातून तो अखंड बाहेर निघेल अशी समजूत करून घेऊ नये, आणि लिफ्टचं नाव काढू नये. बिडाचा असला तर जागीच घणाने फोडतात. तो आवाज चार मजले वर आणि चार मजले खाली जातो, म्हणून सोसायटीच्या कामाच्या वेळा पाहून, दुपारची वामकुक्षी सोडून हात घालावा. बिडाचे तुकडे भंगारवाला वजनावर घेतो, अॅक्रिलिकच्या टबाला तो हात लावत नाही. असा टब मग काही महिने सोसायटीच्या फाटकाशी पडून राहतो, त्यावर नोटीस लागते, आणि शेवटी कोणाच्या तरी शेतावर जाऊन म्हशी त्यातून पाणी पितात. टबाची अशी बढती मी ऐकून आहे. खाली जे निघतं त्याची तयारी ठेवावी: सुटलेला सांधा, काळी पडलेली वाळू, झुरळांची वसाहत, आणि बरीच वर्षं सापडत नसलेला एखादा कंगवा. मोकळ्या झालेल्या जागेत मशीनला दोन फूट पुरतात, नळ आणि निचरा तिथे आहेतच; उरलेल्या तीन फुटांत भिंतीलगत दीड फूट उंचीचा दगडी कट्टा आणि वर हाताला धरायला दांडा घेतला की आजींना कोणी विचारलं नव्हतं याची भरपाई होते. कोबा आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवायची घाई कंत्राटदार करेल, ती करू देऊ नये. नहाणी ट्रॅप बंद करून खोलीभर दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास तसंच ठेवायचं, खाली गळतं का ते कळतं. कोणाच्या मनात लोळायची इच्छा राहिलीच असेल तर या दोन दिवसांत आठ बाय पाच फूट जागा उपलब्ध आहे. खालच्या शेजाऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवावं.